प्रोग्रॅमिंग सगळ्यांनी शिकावं का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते इथे घातलं आहे, आणि जे जास्त झालं ते गाळलं आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती असा कोरा चेक देऊ नये, पण आता दिलाच आहे. तुमची अपेक्षा असेल की मी पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगेन. १९९९ साली आपली नोंदणी झाली तेव्हा समोर भातशेती होती, पहिली दोन वर्षं बोअरवेलचं पाणी खारट लागायचं, २०२० च्या निसर्ग वादळात गच्चीवरचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात येऊन गेलं आहे. मी बोलणार आहे तो विषय मागच्या वार्षिक सभेत अर्धवट राहिला होता.

आठवतंय ना? एका क्लासवाल्यांनी आपला हॉल शनिवार-रविवार भाड्याने मागितला होता. मुलांना कोडिंग शिकवणार म्हणून. फीचा आकडा ऐकून काहींनी कपाळाला हात लावला, काहींनी लगेच मुलांची नावं दिली. एक जण म्हणाले, "आजच्या काळात हे नाही शिकलं तर पोरं मागे पडतील." दुसरे म्हणाले, "आधीच डोळ्यांना चष्मे लागलेत, आता आणखी स्क्रीन कशाला?" तेवढ्यात पार्किंगचा विषय निघाला आणि हे प्रकरण पुढच्या सभेवर गेलं. मी त्या दिवशी गप्प बसलो होतो, कारण या विषयावर बोलायचं तर आधी माझ्याच दोन चुकांची कबुली द्यावी लागते. ती आज देतो.

पहिली चूक. मी १९७४ साली बी.कॉम. होऊन बँकेत क्लार्क म्हणून लागलो. तेव्हा सगळा कारभार लेजरवर. हाताएवढ्या जाडीची ती पुस्तकं, कापडी पुठ्ठ्याची. महिन्याच्या शेवटी सगळ्या खात्यांच्या शिलका उतरवून बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची. जुळली नाही की रात्रीचे नऊ. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुणीतरी आकड्यांची उलटापालट केली असणार, ५४ च्या जागी ४५ लिहिले असणार, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या हेडक्लार्कनी शिकवलं.

अशात बँकांत यंत्रं येणार अशी कुजबूज सुरू झाली. १९८३ साली संघटना आणि बँकांच्या व्यवस्थापनात यंत्रांबद्दलचा करार झाला, १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, आता आपली भाकरी गेली. मीही दंडाला काळी फीत लावून गेटवर उभा राहिलो आणि घोषणा दिल्या. भीती खोटी नव्हती. घरात दोन लहान मुलं होती.

पण आज मागे वळून बघतो तेव्हा एक गोष्ट खटकते. बचत खात्यावर व्याज कसं काढत होतो, ते माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, फक्त तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. एखाद्या मच्छीमाराने ११ तारखेला पाच हजार भरले तर त्या महिन्यात त्या पैशावर व्याज शून्य. पाच हजार महिनाभर ठेवले आणि २९ तारखेला पोराच्या औषधपाण्यासाठी चार हजार काढले, तर व्याज एक हजारावरच. गिऱ्हाईक विचारायचं, "साहेब, एवढंच कसं?" आम्ही म्हणायचो, "नियम आहे." हाताने हिशेब करायचा म्हटलं तर दुसरा नियम परवडणाराही नव्हता. हजारो खात्यांची रोजची शिल्लक कोण गुणत बसणार? बँका संगणकावर आल्या आणि मग १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावलं. ज्या यंत्राविरुद्ध मी घोषणा दिल्या, त्याच्यामुळे त्या मच्छीमाराला त्याचे पैसे मिळायला लागले. हे समजायला मला निवृत्तीची दोन वर्षं उरेपर्यंत थांबावं लागलं.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण वेगळंच आहे. प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा व्याजाचा नियमच सांगतो. १० तारीख उजाडली का? नसेल तर थांब. उजाडली असेल तर आजची शिल्लक बघ. आधीच्या सगळ्यात कमी शिलकीपेक्षा ती कमी आहे का? असेल तर ही धर, नसेल तर जुनीच राहू दे. महिना संपेपर्यंत हेच रोज करत राहा. ज्याला व्याज म्हणजे काय हे अजिबात माहीत नाही त्यालाही चुकता येणार नाही, इतक्या सोप्या पायऱ्यांत काम मांडणं, म्हणजे प्रोग्रॅमिंग. आम्ही ते वर्षानुवर्षं डोक्यात करत होतो. फक्त आमचा गडी माणूस होता आणि तो रात्री नऊला दमायचा.

आता दुसरी चूक, आणि ही सांगायला जड जाते. १९९४ चा सुमार. मी तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. शाखेत संगणक आले. वातानुकूलित खोली, काचेचं दार, बाहेर चपला काढून आत जायचं. देवळासारखंच. आमच्याकडे मुरूड बाजूचा एक शिपाई होता, दहावी झालेला. सगळे गेले तरी तो त्या काचेपाशी रेंगाळायचा. एक दिवस धीर करून म्हणाला, "साहेब, मला थोडं बघू द्याल का? कामाच्या वेळेनंतर बसेन." मी त्याला म्हणालो, "तुझं काम ते नव्हे. काही बिघडलं तर मला उत्तर द्यावं लागेल." तो "बरं साहेब" म्हणाला आणि परत कधी विचारलं नाही. नियमाने मी बरोबरच होतो. पासवर्ड ज्याचा, जबाबदारी त्याची.

पुढे तो निवृत्त झाला त्या दिवशी त्याचं कपाट रिकामं करताना एक शंभर पानी वही निघाली. ऑपरेटर चहा मागवायचा तेव्हा कपबशी ठेवता-ठेवता ह्याने जे बघितलं ते सगळं त्यात लिहून ठेवलं होतं. मराठीत, पेन्सिलीने. कुठली कळ दाबली की काय येतं, कुठल्या क्रमाने दिवसाचा हिशेब बंद करतात, मधेच वीज गेली तर पुन्हा कुठून सुरू करतात. दोन-तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह घातलं होतं आणि समोर लिहिलं होतं, "असं का?" मी वही चाळली आणि त्याला परत दिली. काय बोलावं ते सुचेना. "असं का?" हे ज्याने लिहिलं तो आमच्या शाखेतला सगळ्यात चांगला प्रोग्रॅमर झाला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. ते कळण्याची वेळ मी येऊ दिली नाही.

आता अलीकडे येतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी कोडिंगच्या जाहिराती आल्या. आपलं पोर दहाव्या वर्षी ॲप बनवेल, परदेशी कंपन्या दाराशी रांग लावतील, अशी भाषा. माझ्या मुलाने ठाण्याला माझ्या नातीसाठी असाच एक ऑनलाइन क्लास लावला. फी मी विचारली नाही, सुनेच्या चेहऱ्यावरून अंदाज आला. मे महिन्याच्या सुट्टीत नात इथे आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकलीस?" ती म्हणाली, "आबा, मांजर उड्या मारते." मी म्हटलं, "छान. पुढे?" ती म्हणाली, "पुढे क्लास संपला."

गेल्या वर्षी ती आठवीत गेली. सुट्टीत इथे आली की तिचा रोजचा एकच प्रश्न असतो: "आज कुलाबा किल्ल्यावर चालत किती वाजता जाता येईल?" मी तिला आपल्या कोळी लोकांचा जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. ती म्हणाली, "आबा, हा तर प्रोग्रॅम आहे!" आणि लॅपटॉप उघडून बसली.

तेव्हा जिन्यात आपल्या वॉचमनचा मुलगा उभा होता. नाव घेत नाही, तो लाजेल. नववीत होता. पाण्याच्या मोटारीचं बटण बंद करायला वर आला होता आणि दारातून बघत राहिला. मला ती काच आठवली. मी म्हटलं, "आत ये, बस."

पुढचे चार दिवस माझ्या घरात जे चाललं ते मी कुठल्या क्लासच्या जाहिरातीत पाहिलेलं नाही. पहिला प्रोग्रॅम आठ ओळींचा. पौर्णिमेची तिथी १५ घातली तर उत्तर आलं ११.२५. नातीने वाचलं, "अकरा पंचवीस." मुलगा म्हणाला, "नाही, सव्वा अकरा. पॉइंट पंचवीस म्हणजे पाव तास." दोघांचं भांडण. मग दशांशाची मिनिटं करायची ओळ आली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माझी आई अमावास्या पाळते. कॅलेंडरात अमावास्येला ३० लिहितात. ३० घातले तर?" घातले, तर भरती रात्री साडेदहाला. पौर्णिमेला सव्वा अकरा आणि अमावास्येला साडेदहा, असं कसं होईल? तेव्हा कळलं की हिशेब दोन्ही पक्षांत १५ पर्यंतच चालतो, ३० दिसले की १५ धरायचे. माझ्यासारख्या चाळीस वर्षं आकडे तपासलेल्या माणसाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नेमकी अष्टमी होती. प्रोग्रॅमप्रमाणे ओहोटी दुपारी बाराला. पाण्याच्या बाटल्या, टोप्या घेऊन आमची वरात साडेअकराला किनाऱ्यावर. बघतो तर वाटेवर गुडघ्याच्या वर पाणी! मुलं माझ्याकडे बघतात, मी लॅपटॉपला शिव्या देतोय. जाळं विणत बसलेला एक म्हातारा कोळी हसायला लागला. "सायेब, आज भांग हाय. पानी कुठं उतरतंय?" उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढतंही कमी आणि उतरतंही कमी. आम्ही ओहोटीची वेळ बरोबर काढली होती. वाट उघडी पडेल की नाही, हा प्रश्नच विचारला नव्हता.

घरी येऊन दोघांनी नवी अट घातली. तिथी सहा ते दहाच्या मधली असेल तर वेळ दाखवायचीच नाही, "भांग आहे, चालत जाऊ नका" एवढंच दाखवायचं. मग मी त्यांना सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील वेळापत्रकाशी ताळा करायला बसवलं. कुठे पंधरा मिनिटांचा फरक, कुठे अर्ध्या-पाऊण तासाचा. कारण पाऊणपट हा अंदाज आहे, समुद्र तोंडी हिशेबाला बांधलेला नाही. तेव्हा त्या मुलाने आपल्या मनाने शेवटची एक ओळ घातली. प्रोग्रॅम चालला की काहीही उत्तर येवो, खाली हे वाक्य येतं: "निघण्याआधी किनाऱ्यावर विचारा." मंडळी, किल्ल्यावर गेलेले पर्यटक भरतीत अडकले, अशी बातमी आपण दर वर्षी ऐकतो. त्या ओळीची किंमत आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. प्रोग्रॅमिंग सगळ्यांनी शिकावं का?

माझं उत्तर असं. सगळ्यांनी प्रोग्रॅमर व्हावं, हे मला मान्य नाही. आपल्या जिल्ह्यात लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ पासून. तिथून शिकून मुलं पुण्या-मुंबईला जातात, चांगलं आहे. माझा स्वतःचा मुलगा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून सी शिकला आणि त्यावर त्याचं घर उभं राहिलं. पण प्रत्येकाला तीच वाट धरायला लावणं म्हणजे किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला खलाशी करणं. तसं आपण करत नाही. मात्र पाण्याजवळ राहणाऱ्या प्रत्येक पोराला पोहता यावं, असं आपल्याला वाटतं. पाच मिनिटं तरंगता आलं तरी पुरे. ते त्याला नोकरी मिळावी म्हणून नाही.

आज आपण सगळे याच पाण्याजवळ राहतो. पेन्शन त्यावर, गॅसचं बुकिंग त्यावर, मांडव्याच्या रो-रोचं तिकीट त्यावर. आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि कुलाब्याची नाजूक यंत्रं त्यामुळे बिघडली असती. तेव्हापासूनच्या नोंदी आहेत तिथे. इतक्या वर्षांचे आकडे हाताने कोण चाळणार? कुणीतरी नियम लिहितो आणि यंत्र चाळतं. नियम लिहिणारे थोडे आणि "सिस्टिम घेत नाही" हे ऐकून परत फिरणारे बाकी सगळे, हे मला धोक्याचं वाटतं. खिडकीच्या आतून "नियम आहे" असं मी लोकांना किती वेळा सांगितलं! नियम माणसाने लिहिलेला असतो आणि तो बदलता येतो, एवढं ज्याला कळलं तो निदान "असं का?" विचारेल.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, आता एआयच प्रोग्रॅम लिहून देतो. शिकायचं कशाला?" प्रश्न चांगला आहे. मी प्रयोग केला. एका एआयला मराठीत विचारलं की कुलाबा किल्ल्यावर चालत कधी जावं ते सांगणारा प्रोग्रॅम लिही. अर्ध्या मिनिटात सुबक प्रोग्रॅम आला, आमच्यापेक्षा दहापट देखणा. फक्त त्यात भांग नव्हता. मी तसं म्हटलं तर लगेच, "तुमचं बरोबर आहे," म्हणून भर घातली. पण मी म्हटलं म्हणून. मला ते त्या कोळ्याने सांगितलं होतं म्हणून. बँकेत आमच्याकडे मेकर आणि चेकर अशी पद्धत असते. नोंद एक करतो, तपासून सही दुसरा करतो, आणि दोघं एकच असता कामा नयेत. मेकर कितीही हुशार असला तरी चेकरला नोंद वाचता आलीच पाहिजे, नाहीतर ती सही आंधळी. उद्या लिहिण्याचं काम यंत्र करणार असेल तर करू द्या. तपासायला वाचता येणारी माणसं लागतीलच, उलट जास्त लागतील.

मग उत्तेजन द्यायचं कसं? मला सुचलं ते सांगतो.

पहिलं, भीती घालून नको. "मागे पडशील" हे ऐकून शिकलेलं पोर क्लास संपला की लॅपटॉप मिटतं. एखाद्याला चार रविवार बसून गोडी लागली नाही तर त्याला खुशाल कॅरम खेळू द्या. त्याला ते नावडणं हेही एक उत्तरच आहे.

दुसरं, प्रश्न आपला हवा. मांजर उड्या मारते ते ठीक, पण ती दुसऱ्याची मांजर. ज्याच्या घरी आंब्याचा धंदा आहे त्याने पेट्यांचा हिशेब मांडावा. बी विंगमधल्या एका वहिनी बारा जणींच्या भिशीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. कुणाचा हप्ता राहिला की तो रकाना आपोआप लाल होतो. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्ही प्रोग्रॅमिंग करता." त्या म्हणाल्या, "छे हो, मला कुठे येतंय!" येतं. जर हप्ता आला नाही तर लाल कर, हे सांगणं म्हणजे तेच.

तिसरं, इंग्रजीचा बाऊ नको. पायथन नावाची भाषा आहे, फुकट मिळते. तिचे राखीव शब्द मोजून ३५ आहेत. त्यातले दहा-बारा आले की काम सुरू होतं. बाकी विचार मराठीतच करायचा असतो. आमचा भरतीचा प्रोग्रॅम उत्तरं मराठीत देतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पाचे छोटे छोटे धडे मराठीतही आहेत, त्यालाही पैसे पडत नाहीत. आपल्यातल्या अनेकांनी एमएस-सीआयटी केलं आहे. २००१ साली तो कोर्स सुरू झाला आणि गावोगावच्या माणसांची संगणकाची भीती गेली. पण तिथे आपण दुसऱ्याने केलेलं वापरायला शिकलो. त्याच्या पुढची एक पायरी चढायची आहे, एवढंच.

चौथं, शेजारी कुणीतरी बसायला हवं. तो तज्ज्ञ असायला हवा असं नाही. मला पायथन किती येतं? नातीने शिकवलं तेवढं. पण आकडा चुकला की माझ्या ध्यानात येतं आणि "पुन्हा बघ" म्हणायला मला कंटाळा येत नाही. या सोसायटीत निवृत्त शिक्षक आहेत, नर्सबाई आहेत, खत कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत. नियम आणि अपवाद यांत आपला जन्म गेला. त्या अनुभवाला कुठेतरी बसायची जागा हवी.

आणि पाचवं, ज्यासाठी मी आज उभा राहिलो. दार उघडं हवं.

क्लासवाल्यांना हॉल द्यायचा की नाही ते सभा ठरवील. माझा विनंती अर्ज वेगळा आहे आणि तो मी लेखी दिला आहे. रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा हॉल मोकळाच असतो. तो आम्हाला द्यावा. भाडं नको, फी नको. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, ए विंगमधले दोन मिळतील, असे तीन झाले. एका लॅपटॉपवर दोघं बसतील. दोघं बसलेलीच बरी, भांडतात आणि चुका सापडतात. विजेचं बिल काय येईल ते माझ्या पेन्शनमधून. पण एक अट घालू नये. मागच्या सभेत कुणीतरी म्हणालं होतं, "हॉल फक्त सभासदांच्या मुलांसाठी." तेव्हा कुणी विरोध केला नाही, मीही केला नाही. ही अट राहिली तर वॉचमनचा मुलगा येऊ शकत नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुली येऊ शकत नाहीत. ज्याने अमावास्येची चूक पकडली तोच काचेबाहेर राहील.

कुणी म्हणेल, नियम आहे. बरोबर आहे, मीसुद्धा असंच म्हणालो होतो. माझ्याकडे तेव्हा निदान पासवर्डचं कारण होतं. आपल्या हॉलला पासवर्ड नाही, कडी आहे, आणि ती आतून आहे.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. ज्यांना शंका आहेत त्यांनी आधी एका रविवारी माझ्या घरी यावं. दोन्ही पोरांचा भरतीचा प्रोग्रॅम दाखवीन, चहा मिळेल, आणि चूक सापडली तर ती त्यांच्या नावाने वहीत लिहून ठेवू. वही शंभर पानी आणली आहे. पहिल्या पानावर मी अजून काही लिहिलेलं नाही.

माझी पंधरा मिनिटं संपून बराच वेळ झाला आहे, सेक्रेटरीसाहेब घड्याळाकडे बघतायत. जाता जाता एवढंच सांगतो, आज तिथी कुठली ते घरी जाऊन कॅलेंडरात बघा आणि पाऊणपट करून बघा. आणि किल्ल्यावर जायचं असेल तर निघण्याआधी किनाऱ्यावर विचारा.